नाणेघाटाची वाट

वस्तुसंग्रहालयांत नाणें येतें, मडकें येतें, ताम्रपटहि येतो. घाट मात्र येत नाहीं. म्हणून स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयांनीं पावसाळा सरतांच मंडळींना डोंगरावर न्यावें, हें उचितच होय. जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट पाहावा तो कोंकणच्या अंगानें, मुरबाडपुढील वैशाखऱ्याकडून चढून. सातवाहनकालीं कल्याण-सोपाऱ्याचा माल याच खिंडीनें जुन्नरकडे जाई. तो किती कष्टानें जात असेल, हें नकाशा सांगत नाहीं. छातींत भरलेला दम सांगतो.

माथ्याशीं गुहा आहे. तिच्या भिंतींवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. तो सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. अश्वमेधादि यज्ञ आणि त्यांत दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांची त्यांत मोजदाद आहे, तीहि आंकड्यांत! १८२८ च्या उन्हाळ्यांत भटकंतींत साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला आणि १८८३ मध्यें ब्यूलरनें त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें. वरचा दगडी रांजण जकातीचा, असें लोक सांगतात. कथा गोड आहे. लेखांत मात्र तिला आधार नाहीं.

लेखाचीं कित्येक अक्षरें झिजून गेलीं आहेत. तेव्हां वाटाड्यानें भिंतीस हात, पाणी, खडू, कांहींच लावूं देऊं नये. मागच्या भिंतीवर राजकुलांतील आठ पुरुषाकृति मूर्ति होत्या. त्या नाहींशा झाल्या. वर नांवें उरलीं. त्यांतलें पहिलें नांव सिमुक सातवाहनाचें.