पदकाची कड आणि आजीचं पुस्तक



साताऱ्याकडच्या किंवा कोकणातल्या कित्येक घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असते. वर जुनी लुगडी, सातबाऱ्याचे उतारे, आणि अगदी तळाशी फडक्यात बांधलेली दोन-तीन पदकं. विचारलं तर उत्तर मिळतं, "आमच्या पणज्याचे बिल्ले हायेत, लढाईचे." कोणती लढाई, ते मात्र कुणाला ठाऊक नसतं.

आज अशाच बिल्ल्यांची गोष्ट सांगायची आहे. पण बंदूकवाल्याच्या नव्हे, पलटणीबरोबर गेलेल्या डॉक्टरच्या.

पहिल्या महायुद्धातल्या माणसाला बहुधा तीन पदकं मिळत. एक पितळी रंगाचा तारा, त्यावर 1914-15 हे आकडे. दुसरं चांदीचं, गोल. तिसरं काशाचं, त्याच्या फितीत इंद्रधनुष्याचे रंग. मागल्या बाजूला इंग्रजीत कोरलेलं, की हे महायुद्ध सुधारणेसाठी, संस्कृतीसाठी झालं. या तिसऱ्याचं नाव विजयपदक. हे नाव ध्यानात ठेवा, कारण आपली गोष्ट पराभवाची आहे.

कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे कलकत्त्याच्या घरातले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे सरकारच्या लष्करी वैद्यकी खात्यात, अधिकारी होते. या खात्याची परीक्षा विलायतेत होई. 1855 पासून ती हिंदी माणसाला खुली झाली खरी, पण तिथवर पोचणारे किती! युद्ध सुरू झाल्यावर मुखर्जी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादकडे चालली होती. तीत आपली माणसंही पुष्कळ: 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी.

नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनला गाठ पडली. या एका लढाईत इंग्रजांच्या बाजूची चार हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. जखमींना न्यायला होत्या खेचरांच्या सामानाच्या गाड्या. स्प्रिंगा नाहीत, गादी नाही. आपल्याकडे पावसाळ्यात अडलेली बाई बैलगाडीतून खाचखळग्यांनी तालुक्याला नेताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मांडी मोडलेल्या शिपायाचे हाल निराळे सांगायला नकोत. पुढे 1917 साली चौकशी कमिशनने या औषधपाण्याच्या व्यवस्थेचे वाभाडे काढले; पण गेलेले गेले.

मागे हटलेली फौज कूत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने वेढा. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. गोरे सोजीर ते मांस खात. आपल्या शिपायांनी पुष्कळ दिवस त्याला हात लावला नाही. आणि इथे डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट दिसली. शिक्षकबंधूंनी ही वर्गात जरूर सांगावी. आपल्या माणसांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, म्हणजे स्कर्व्ही. कारण ताजं मांस नाही, भाजीपाला नाही. गोऱ्यांना तो रोग फारसा झाला नाही, पण त्यांचे पाय सुजले, हातपाय लुळे पडले, म्हणजे बेरीबेरी. कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा. आपले शिपाई जाडाभरडा आटा खात, कोंड्यासकट, म्हणून ते बेरीबेरीतून सुटले. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटातल्या फरकाने रोग वाटून घेतले!

शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. कॅप्टन मुखर्जी कैदेत गेले. सीरियाच्या सरहद्दीवरच्या रास-अल-ऐन इथं रेल्वेच्या कामावर कैदी राबत होते, तिथं ते होते. तापाची साथ आली आणि 1917 च्या मार्चमध्ये ते तिथंच वारले.

आता खरी ठेव कोणती, ते ऐका. त्यांनी घरी पत्रं पाठवली होती, बंगालीत. 1915 सालच्या एका पत्रात त्यांनी देशाभिमानावरच बोट ठेवलं आहे. हा देशाभिमान इंग्रजाने शिकवला, आणि तो दुसऱ्याचा मुलूख हिसकावून घ्यायला लावतो, अशा अर्थाचं ते लिहितात. इंग्रज सरकारचा गणवेश अंगावर, आणि लेखणीतून हे शब्द. बिल्ल्यावरचा कोरीव मजकूर आणि हे पत्र शेजारी ठेवून पाहा.

ती पत्रं राहिली ती त्यांच्या आजीमुळे. मोक्षदायिनी देवी हे तिचं नाव. 1885 साली मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक झाली, तिचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. त्यांची ही बहीण. स्वतः लेखिका. नातू गेल्यावर अकरा वर्षांनी, ऐंशीच्या घरात असताना, तिने त्याची पत्रं गोळा करून 'कल्याण-प्रदीप' हे पुस्तक 1928 साली काढलं.

आपल्या मराठा शिपायांच्या आज्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून आपल्याकडे बिल्ले तेवढे उरले, आणि त्यांतलेही चांदीचे कितीतरी अडीअडचणीला सोनाराच्या मुशीत गेले. उरलेल्या गोल पदकांची कड पाहा. तिथं बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाला आलं तसं. 'जाधव' ओळखायला थोडी कसरत पडेल. चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरं झिजतात. घरात वीतभर नाही, पण सहासात बोटं रुंदीची काशाची तबकडी सापडली, तिच्यावर सिंह आणि एक उभी बाई असली, तर तो माणूस परत आला नाही असं समजा. त्या तबकडीवर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही. कॅप्टनचं असो की डोली वाहणाऱ्याचं, लिहिण्याची रीत एकच. शाळेतल्या गुरुजींना बोलवा, भिंग असेल तर आणायला सांगा, आणि कडेवरचं नाव वहीत उतरवून घ्या.