सोमवार देऊन मिळवलेला शनिवार

१७२५ च्या सुमारास लंडनच्या एका छापखान्यात बेंजामिन फ्रँकलिन नावाचा अमेरिकी तरुण कामाला होता. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाने आत्मचरित्रात एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. मालकाची त्याच्यावर मर्जी होती, कारण तो सोमवारी कधी दांडी मारत नसे. बाकीचे कारागीर मात्र सोमवारी कामाकडे फिरकत नसत. या प्रथेला त्यांनी नावही थाटाचं दिलं होतं, ‘सेंट मंडे’. वर्षभर निरनिराळ्या संतांचे सण असतात, तसा दर आठवड्याला हा सोमवार नावाच्या संताचा सण.

विणकर, चांभार, शेफिल्डचे चाकू-कात्र्या घडवणारे कारागीर, सगळेच हा सण पाळत. त्यांची मजुरी नगावर ठरायची, तासांवर नाही. शनिवारी हातात पैसे पडायचे, रविवार देवळात आणि दारूच्या गुत्त्यात जायचा, सोमवारी मित्रमंडळी, कोंबड्यांच्या झुंजी, लांबवर भटकंती. काहींचा मंगळवारही त्यातच जाई. मग बुधवारपासून हात चालायला लागायचे आणि गुरुवारी-शुक्रवारी मेणबत्तीच्या उजेडात रात्र रात्र काम उपसलं जायचं. मालक याला आळस म्हणत. पण ठरलेला माल शनिवारपर्यंत तयार होत असे. मधले दिवस कसे वाटून घ्यायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं, एवढाच त्या कारागिरांचा आग्रह होता. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात या आग्रहाकडे आदराने पाहिलं, आणि तो आदर योग्यच होता.

बर्मिंगहॅममध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळं शहर सोमवारभोवती फिरत होतं. १८४० च्या दशकात तिथल्या वनस्पती उद्यानात कामगारांना सोमवारी एका पेनीत प्रवेश मिळू लागला. सहलीच्या खास आगगाड्या सोमवारी सुटत. लग्नंही सोमवारी लागत.

हे सगळं मोडलं ते वाफेच्या यंत्राने. हातमागावरचा विणकर दुपारी उठून बसला तरी कुणाचं अडत नसे. गिरणीत बॉयलर पेटला की शेकडो माणसं एकाच वेळी आपापल्या जागी हवीत. निम्मी आली तर कोळसा फुकट जळतो. दंड झाले, कामावरून काढणं झालं, तरी सोमवार हटेना. तेव्हा मालकांनी सौदा पुढे केला. शनिवारी दुपारी गिरणी लवकर बंद करू, सोमवारी सकाळी सगळ्यांनी हजर राहायचं. रविवार देवाधर्मात जावा असं वाटणाऱ्या पाद्र्यांनी आणि दारूबंदीवाल्यांनी ही कल्पना उचलून धरली. दुकानं-पेढ्या लवकर बंद व्हाव्यात यासाठी लंडनमध्ये १८४२ मध्ये संस्था उभी राहिली, मँचेस्टरच्या पेढ्यांनी १८४३ मध्ये शनिवारची अर्धी सुट्टी मान्य केली. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय माग चालत नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी पुरुषांनाही दोनलाच घरी जाता आलं.

या व्यवहारात कामगारांनी अख्खा दिवस देऊन अर्धा घेतला. शिवाय जो दिला तो त्यांनी स्वतः ठरवलेला होता आणि जो मिळाला त्याची वेळ भोंगा ठरवणार होता. कायद्याच्या इतिहासात ही प्रगती म्हणून नोंदली जाते. लहान मुलांच्या दृष्टीने ती प्रगती होतीच, पण तिची किंमतही त्याच पानावर लिहायला हवी.

मोकळ्या दुपारचं काय करायचं, हे मात्र लोकांनी झटपट ठरवलं. दोनला सुटलेला कामगार घरी जाऊन, जेवून तीनपर्यंत मैदानावर पोचू शकत असे. इंग्लंडमधले फुटबॉल सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू करण्याची रीत तिथून आली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्यातले बाराही क्लब गिरण्या-कारखान्यांच्या उत्तर आणि मध्य इंग्लंडमधले होते. ‘वीकेंड’ हा शब्दही याच भागातून वर आला. १८७९ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात कुणी खुलासा केला होता की, शनिवारी दुपारी काम आटोपून माणूस परगावी स्नेह्यांकडे रविवारपर्यंत राहायला गेला, तर स्टॅफर्डशायरमध्ये तो ‘वीकेंड’ला गेला असं म्हणतात. लंडनच्या वाचकाला तेव्हा हे समजावून सांगावं लागत होतं. खानदानी मंडळी बराच काळ हा शब्द टाळून ‘सॅटर्डे-टू-मंडे’ म्हणत राहिली.

मँचेस्टरच्या गिरण्या शनिवारी दुपारी थांबत असताना मुंबईच्या गिरण्या पहाट ते सूर्यास्त चालत, आणि ही स्पर्धा लँकेशायरच्या मालकांना खुपत होती. हिंदुस्थानात कारखाना कायदा व्हावा म्हणून त्यांनी जोर लावला, त्यामागे मजुरांच्या कळवळ्यापेक्षा व्यापार मोठा होता. १८८१ च्या कायद्याने प्रौढ कामगारांना काहीच दिलं नाही. ते मागायला इथलाच माणूस उभा राहिला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा घेऊन ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवलं. त्यात रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई अशा मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. त्या काळात स्त्रीने जाहीर सभेत उभं राहणं ही केवढी हिंमत! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बदल्यात सोडून द्यायला मुंबईच्या कामगाराकडे कुठलाही सोमवार नव्हता.

शनिवार पुरता मोकळा व्हायला अजून काही दशकं जायची होती. हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगाराला फुरसत असेल तरच तो मोटार विकत घेईल, हा त्यांचा हिशेब त्यांनी उघडपणे मांडला. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला २९ फेब्रुवारी २०२० पासून, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांचं रोजचं काम ४५ मिनिटांनी वाढवण्यात आलं.