नंदुरबारचे वाणी आणि घाटातला नरक्या

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वरच्या रानात नरक्याचं झाड आढळतं. त्याची ही गोष्ट.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरला की वर्षानुवर्षे मुख्य औषध एकच होतं, 1957 सालचं फ्लुरोयुरॅसिल. काही दिवस गुण येई, मग गाठी त्याला दाद देत नसत.

नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत संशोधन करत. 1966 साली त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. ते फार जहाल निघालं. जपान्यांनी त्यात बदल करून इरिनोटेकॅन बनवलं. पेशीची वाढ ते वेगळ्याच ठिकाणी अडवतं. म्हणून जुन्या औषधाला न जुमानणाऱ्या आजारावर 1996 साली अमेरिकेनं त्याला मंजुरी दिली. आजार मुळातून गेला नाही, पण कित्येकांचं आयुष्य वाढलं.

तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे. त्यापायी झाडांवर कुऱ्हाड चालली. पण बायांनो, त्याचा काढा कुणी पिऊ नका, ते विष आहे. आणि शौचावाटे रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून लपवू नका. लगेच दवाखाना गाठा.