एक नकाशा, अनेक परवाने

एकाच नांवाचीं दुकानें अनेक संस्थानांत चालविण्याची रीत अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वुलवर्थसारख्या व्यापाऱ्यांनीं रूढ केली. मात्र तीं सारीं एकाच नकाशाप्रमाणें नवीं करावयाचीं म्हटलें, तरी परवाना गांवोगांवीं निराळा घ्यावा लागतो. बांधकामावरील अधिकार तेथें संस्थानांचा. त्यांनीं तो बहुधा नगरांकडे सोपविलेला.

गांवोगांवच्या अशाच भिन्नतेची किंमत बाल्टिमोरनें १९०४ च्या फेब्रुवारींत मोजली. कापडाच्या एका पेढीच्या इमारतींत आग लागली. परगांवचे बंब धांवून आले, परंतु त्यांच्या नळ्या तेथील तोट्यांना बसेनात. १,५०० हून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. पुढच्याच वर्षीं आगविमा कंपन्यांच्या मंडळानें सर्व शहरांसाठीं बांधकामाचे नमुना-नियम प्रसिद्ध केले. पुढें तसे आणखीही नमुने निघाले. २००० सालीं त्यांची एक सामायिक संहिता झाली, आणि ती बहुतेक संस्थानांनीं पत्करली.

तथापि कोणी जुनी आवृत्ति ठेवली, कोणी स्वतःच्या दुरुस्त्या जोडल्या. म्हणून शंभर दुकानांचें काम अंगावर घेणारा व्यवस्थापक आधीं प्रत्येक गांवचे नियम तपासतो, त्याप्रमाणें नकाशे बदलतो, आणि मगच भिंतीला हात लावतो. हा विलंब व्यापाऱ्याला जाचतो खरा. परंतु आग लागली असतां गिऱ्हाइकाची बाहेर पडण्याची वाट मोकळी राहावी, मुख्यतः यासाठींच तो शिक्का असतो.