जुन्या रस्त्यातली खडी

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला महामार्ग वाघबीळला सोडला की पन्हाळ्याचा चढ लागतो. जुन्या रस्त्याचा माल जागच्या जागी पुन्हा वापरण्याचं शास्त्र हा या पुस्तकाचा विषय. त्याच्याशी ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. डोंगर काळ्या कातळाचा, माथ्यावर जांभा आणि पाऊस धुवांधार. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला. जुलै २०२५मध्ये गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे वर्दळ वाढणार आणि खडीसाठी आसपासचे डोंगर फोडणं अधिकाधिक अवघड होणार.

रस्ता खराब झाला की जुन्यावर नवा थर, ही आपली रीत. दर थरागणिक रस्ता चढतो, साइडपट्टी खोल जाते आणि गावात पाणी घराच्या उंबऱ्याशी येतं. खालची खडी मात्र बहुतेकदा शाबूत असते. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर बायाबापड्यांनी हातांनी फोडलेली खडी महाराष्ट्रातल्या कितीतरी रस्त्यांच्या पोटात आहे. तिला राडारोडा म्हणणं मला पटत नाही.

ती जागच्या जागी वापरता येते. रिक्लेमर यंत्राचा दातेरी ढोल जुना थर उखडून दळतो. त्यात पाण्याबरोबर सिमेंट किंवा डांबराचं इमल्शन मिसळतात. फेसाळ डांबराची वाट १९५६मध्ये अमेरिकेतल्या आयोवात प्रा. चान्यी यांनी तापलेल्या डांबरात वाफ सोडून दाखवली. पुढे वाफेची जागा पाण्याने घेतली: तापलेल्या डांबरात थोडं थंड पाणी सोडलं की ते अनेक पटींनी फुगतं आणि बारीक कणांना धरतं. आपल्याकडे डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १२० ही संहिता २०१५ची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात उत्तर प्रदेशाने जुना रस्ता जागच्या जागी दळून वापरण्याची मोठी कामं हाती घेतली.

यंत्र भारी असलं तरी मिश्रणाची ओल आजही मुठीत पाहतात. मूठ आवळल्यावर माल लाडवासारखा वळला आणि तळहात ओला झाला नाही, तर पाणी बेताचं. सिमेंट घातल्यावर मात्र दोनेक तासांत रोलर फिरून दबाई व्हायला हवी.

यंत्र लावण्याआधी खड्डा घेऊन रस्ता वाचावा लागतो. वर कारपेट, मग खडी, सोलिंग, मुरूम. घाटात तर डोंगराकडचा खड्डा आणि दरीकडच्या भरावातला खड्डा एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच खड्ड्यावरून सगळ्या घाटासाठी मिश्रणाचं प्रमाण ठरवणं धोक्याचं आहे. आणि भरावच पाण्याने खचत असेल, तर वरचा थर कितीही चांगला दळला तरी उपयोग नाही. पन्हाळ्याचं २०२१चं संकट या पद्धतीने टळलं नसतं.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण यंत्रावर नाही, पाण्याच्या निचऱ्यावर आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांनी ते वाचून पावसाळ्यात एकदा घाटात जावं, कुठली मोरी तुंबते, पाणी रस्ता कुठे ओलांडतं ते नकाशावर मांडावं आणि मगच मिश्रणाच्या कोष्टकांकडे वळावं.