उडती रुग्णवाहिका

अठराव्या शतकात फ्रेंच सैन्यात एक नियम होता. जखमींना नेणाऱ्या गाड्या रणांगणापासून चार-पाच किलोमीटर मागे ठेवायच्या. लढाई थांबून त्या पुढे येईपर्यंत अख्खा दिवस जाई आणि वाचू शकणारे कित्येक सैनिक पडल्या जागीच प्राण सोडत.

१७९२ मध्ये ऱ्हाइनच्या आघाडीवर गेलेल्या डॉमिनिक लारे या तरुण शल्यचिकित्सकाला हे पाहवले नाही. घोड्यांच्या वेगाने जागा बदलणारा हलका तोफखाना त्याने पाहिला. तोफ धावू शकते, मग जखमींची गाडी का नाही? त्याने दोन चाकांची, दोन घोड्यांची हलकी गाडी तयार करवली. लढाई चालू असतानाच मदत पोहोचू लागली. तीच ‘उडती रुग्णवाहिका’.

त्याचा दुसरा नियम याहून मोठा होता. ज्याची जखम गंभीर, त्याच्यावर उपचार आधी. हुद्दा पाहायचा नाही, आपला की शत्रूचा हेही नाही.

१८१५ मध्ये वॉटर्लूला लारे प्रशियनांच्या हाती सापडला. त्याला गोळी घालणार, इतक्यात एका जर्मन डॉक्टरने त्याला ओळखले. प्रशियन सेनापती ब्ल्यूखरच्या जखमी मुलाला पूर्वी लारेनेच वाचवले होते. त्याची सुटका झाली. शत्रूवर केलेले उपचार असे फळाला आले.

यंदा विसर्जन मिरवणुकीत मागून भोंगा ऐकू आला, तर ढोल क्षणभर थांबवून वाट देऊया. आत कोण आहे, हे विचारायचे नसते.