हमी कोणाची?

कुटुंबाने काटकसरीने साठविलेली पुंजी दोन वाटांनी नाहीशी होते. पहिली वाट सर्वांच्या परिचयाची आहे : आजारपण, चोरी, उधळपट्टी. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. पैसा पेटीत जसाच्या तसा राहतो, परंतु ज्या मापाने तो मोजावयाचा ते मापच झिजत जाते. इस्राएलमध्ये १९७७ ते १९८५ या काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी या दुसऱ्या वाटेचा अनुभव घेतला. तो इतिहास नव्या पिढीला ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला समाज मुख्यतः नोकरदारांचा. मुंबईत, पुण्यात आणि कोकणात आपल्या लोकांनी पलटणीत, रेल्वेत, टपालखात्यात, इस्पितळांत व सरकारी कचेऱ्यांत सेवा केली. महिन्याचा पगार, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड, पोस्टातील बचत आणि सणासुदीला घेतलेले थोडे सोने, एवढीच आपली अर्थव्यवस्था होती. लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद येथे येऊन स्थायिक झाल्यावर नोकऱ्या बदलल्या, पण सवयी तशाच राहिल्या. सरकारी शिक्का आणि बँकेचे पासबुक यांवर आपला विश्वास होता, आणि नोकरदार माणसाला तो असणे स्वाभाविकच होते.

मे १९७७ च्या निवडणुकीत मनाहेम बेगिन यांचा पक्ष सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अर्थमंत्री सिम्हा एर्लिख यांनी परकीय चलनावरील बहुतेक निर्बंध उठविले. चलनाचा दर घसरून एका डॉलरला सुमारे १५ लिरा पडू लागले. महागाई वाढत होतीच. १९७९ साली तिने शंभर टक्क्यांची मर्यादा ओलांडली. फेब्रुवारी १९८० मध्ये लिरा जाऊन शेकेल आला : १० लिरांचा १ शेकेल. नाव बदलले, शून्य कमी झाले, झीज मात्र थांबली नाही. १९८४ या एका वर्षात किमती सुमारे ४४५ टक्क्यांनी वाढल्या.

या आकड्याचा अर्थ सोप्या हिशेबाने पाहू. वर्षाला ४४५ टक्के म्हणजे महिन्याला सरासरी १५ टक्के. पहिल्या तारखेला हाती आलेल्या १०० शेकेलांची किंमत महिनाअखेर ८७ उरे. तेच १०० शेकेल वर्षभर पेटीत ठेवले, तर त्यांत १८ शेकेलांएवढाच माल येई. महागाई भत्ता मिळत असे, पण तो किमतींच्या मागून चाले. म्हणून पगार झाला की गृहिणी त्याच दिवशी तेल, साखर, तांदूळ भरून ठेवीत. घरांच्या किमती डॉलरमध्ये सांगितल्या जात. सार्वजनिक टेलिफोनची असीमोन नावाची नाणीसुद्धा लोक साठवून ठेवीत, कारण असीमोनचा दर वाढला तरी एका असीमोनात एक फोन होतच असे.

राज्याने यावर एक उपाय योजिला होता : निगडित ठेवी. बचतयोजना आणि सरकारी रोखे महागाईच्या निर्देशांकाशी किंवा डॉलरशी जोडलेले असत. दर महिन्याच्या पंधरा तारखेला निर्देशांक जाहीर होई आणि घरोघरी त्याची वाट पाहिली जाई. ज्यांची बचत निगडित होती त्यांची पुंजी बव्हंशी टिकली. ज्यांची गृहकर्जे जुनी आणि अनिगडित होती, त्यांचे कर्ज महागाईनेच फेडले. पुढे गृहकर्जेही निगडित झाली, तेव्हा मात्र हप्ता महिन्यामहिन्याला फुगू लागला.

परंतु बँकेच्या खिडकीवर आणखी एक वस्तू विकली जात होती, आणि ती म्हणजे बँकेचे स्वतःचे शेअर. हापोआलीम, लेउमी, डिस्काउंट, मिझराही या मोठ्या बँका आपल्या शेअरचा भाव खाली येऊ नये म्हणून आपल्याच हस्तक संस्थांमार्फत ते विकत घेत. भाव सतत चढता राहिल्याने लोकांना ती जणू मुदतठेवच वाटू लागली. सल्ला देणारा, विकणारा आणि भाव राखणारा एकच होता. जानेवारी १९८३ मध्ये इतर शेअर कोसळले, तरी बँकांचे शेअर उभे राहिले आणि लोकांचा विश्वास अधिकच दृढ झाला.

मुंबईहून आलेल्या आपल्या लोकांना या कथेचे जुने रूप अपरिचित नसावे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत कापसाचा पैसा आला आणि बॅकबेसारख्या कंपन्यांच्या शेअरचे वेड पसरले. बँक ऑफ बॉम्बेने त्या शेअरच्या तारणावर कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुढे ती बँकही बुडाली.

इस्राएलमध्ये तो दिवस ६ ऑक्टोबर १९८३ रोजी आला. अवमूल्यन होणार या अपेक्षेने लोक बँकांचे शेअर विकून डॉलर घेऊ लागले, आणि ते शेअर विकत घेण्याची बँकांची शक्ती संपली. शेअरबाजार बंद झाला. काही दिवसांतच शेकेलचे सुमारे २३ टक्के अवमूल्यन झाले. व्यवहार डॉलरमध्येच करण्याची योजना फुटल्यामुळे अर्थमंत्री योराम अरिदोर यांनी राजीनामा दिला. २४ ऑक्टोबरला बाजार उघडला तेव्हा भाव बरेच खाली आले होते. जे शेअर राखून ठेवतील त्यांना काही वर्षांनी डॉलरशी निगडित रक्कम देण्याची हमी सरकारने घेतली. ज्यांना थांबणे शक्य होते ते बव्हंशी सावरले. मुलीचे लग्न, घराचा हप्ता किंवा आजारपण ज्यांच्या दाराशी उभे होते, त्यांना तोट्यात विकावे लागले. या हमीसाठी सरकारी तिजोरीतून सुमारे सात अब्ज डॉलर गेले. म्हणजे ज्याने एकही शेअर घेतला नव्हता त्यानेही कराच्या रूपाने किंमत मोजली. न्यायमूर्ती मोशे बेइस्की यांच्या आयोगाने १९८६ मध्ये अहवाल दिला आणि बँकांच्या प्रमुखांना पदे सोडावी लागली.

१ जुलै १९८५ रोजी पंतप्रधान शिमोन पेरेस आणि अर्थमंत्री यित्झाक मोदाई यांच्या सरकारने स्थिरीकरणाची योजना आणली. सरकारी खर्च कापला गेला, किमती व पगार गोठविले गेले, डॉलरचा दर १५०० शेकेल ठरविला गेला. जुन्या लिरांत तो दर १५,००० होतो : आठ वर्षांपूर्वीच्या हजारपट. त्याच वर्षी १००० शेकेलांचा १ नवा शेकेल आला आणि १९८६ मध्ये महागाई २० टक्क्यांच्या आसपास उतरली. स्थैर्य आले, पण ज्यांनी महागाईच्या भरवशावर कर्जे काढली होती ते अडचणीत सापडले. अनेक किब्बुत्झ व मोशाव त्या कर्जांखाली वाकले.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? सोने चांगले की घर, डॉलर की रोखे, याचे कायमचे उत्तर त्यात नाही. प्रत्येकाचे दिवस येतात आणि जातात. मात्र पुंजी कोठेही ठेवण्यापूर्वी विचारावयाचे तीन प्रश्न त्यात आहेत. ही रक्कम कोणत्या मापाने मोजली जाणार आहे? अचानक गरज पडली तर ती तोट्याविना हाती येईल काय? आणि जो आपणांस सुरक्षिततेची हमी देतो, त्याला ती विकून काय मिळते? १९९५ चा गुंतवणूक सल्ल्याविषयीचा कायदा आणि बँकांना म्युच्युअल व प्रॉव्हिडंट फंडांपासून दूर करणारी २००५ ची सुधारणा यांमुळे तिसऱ्या प्रश्नाला काही आधार मिळाला आहे. तथापि कायदा कुटुंबाच्या वतीने प्रश्न विचारीत नाही.

आमच्या पिढीने ते दिवस शाळकरी वयात पाहिले. आई-वडिलांच्या कपाटात त्या वेळची पासबुके व शेअरच्या पावत्या अद्याप असतील, तर वाचकांनी त्या टाकून देऊ नयेत. मुलांना व नातवंडांना जवळ बसवून त्यांवरील तारखा व आकडे त्यांच्याकडूनच वाचवून घ्यावेत, आणि कोणता निर्णय का घेतला होता हे वडीलधाऱ्यांनी आपल्या तोंडाने त्यांना सांगावे.